पापड वळतो तशी नळी वळते

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. लग्नाला दीड वर्ष झालंय, आता मूल हवंय म्हणून दोघं डॉक्टरकडे जाऊन आले आणि डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. ती म्हणाली, "ताई, अजून काही नाहीच्चे तर गोळी कोणासाठी घेऊ? दिवस गेले की सुरू करते ना." प्रश्न अगदी रास्त आहे. मी ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते त्यामुळे उत्तर तोंडावरच होतं, की बाई, ज्या कामासाठी ती गोळी आहे ते काम तुला कळेकळेपर्यंत सुरू होतं आणि तू डॉक्टरकडे पोचेपर्यंत संपतं. पण ती "कसलं काम?" म्हणून अडून बसली आणि मग मी पाऊण तास बोलत होते, इकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या त्याचाही पत्ता नाही. तेच सगळं इथे जरा नीट लिहून काढतेय.

काम म्हणजे न्यूरल ट्यूब बनायचं. नावाप्रमाणे ही एक नळी आहे, हिच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि उरलेल्या लांबीचा मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या आतून कमरेपर्यंत जाणारी ती जाड दोरी. पण सुरुवातीला ही नळी नसतेच. तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे एक चपटी चकती असते, तीन थरांची, दीड-दोन मिलिमीटरची, आणि तिच्या सगळ्यात वरच्या थरात मधोमध एक पट्टी जरा जाड होते, चपलेच्या सोलसारखी, डोक्याकडे रुंद आणि खाली निमुळती. हिला न्यूरल प्लेट म्हणतात. मग या पट्टीच्या मधोमध खाच पडते, दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, भेटतात, चिकटतात, आणि पट्टीची झाली नळी. ती नळी वरच्या थरापासून सुटून खाली जाते आणि वरून कातडी बंद होते.

दिवसांचा हिशोब आधी करून टाकू कारण बहिणीचा खरा प्रश्न तोच होता. बीज फळल्यापासून मोजलं तर साधारण २२व्या दिवशी कडा पहिल्यांदा चिकटतात, मानेच्या वरच्या भागात. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास बंद होतं आणि शेपटाकडचं २७-२८व्या दिवशी. आता पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. म्हणजे पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, मग किट आणून टेस्ट केली, मग घरात कोणाला आधी सांगायचं यात आठवडा गेला, की तिकडे कडा चिकटायला सुरुवात झालेली असते आणि अजून तीन-चार दिवसांनी नळी बंद. (डॉक्टर शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजतात म्हणून त्यांच्या भाषेत तेव्हा सहा आठवडे होतात, यात सगळ्यांचाच गोंधळ होतो.) आपल्याकडे दोन महिने उलटले की दवाखान्यात नाव घालायला जातात. तोवर हे प्रकरण कधीच मिटलेलं असतं, चांगलं किंवा वाईट.

बरं, आता मुख्य भाग, जो मला स्वतःला शिकताना कोणी सांगितला नव्हता. पुस्तकात चार चित्रं असतात, सपाट पट्टी, खाच, उभ्या कडा, नळी, खाली नावं लिहा, चार मार्क. ती चित्रं बघून असं वाटतं की कोणीतरी कागद दुमडतंय. करंजी करताना आपण पुरी लाटतो, दुमडतो, कडा दाबतो, तसंच काहीसं. पण करंजीला हात असतात. इथे हात कोणाचे? त्या पट्टीत ज्या पेशी आहेत त्यांच्यापैकी कोणालाही नळी म्हणजे काय हे माहीत नाही, एकीलाही पूर्ण चित्र दिसत नाही, प्रत्येकीला फक्त शेजारणी माहीत असतात आणि प्रत्येक जण फक्त स्वतःचा आकार बदलते किंवा स्वतःची जागा. बस. हजारो पेशींनी आपापलं एवढंच केलं की नळी होते.

पहिली गोष्ट, ही पट्टी तिथेच का होते आणि बाकीचा थर कातडी का होतो? याची गोष्ट जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातली आहे. हान्स श्पेमान नावाचे प्रोफेसर आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड. हिल्डेने न्यूट नावाच्या सरड्यासारख्या दिसणाऱ्या पाण्यातल्या प्राण्याचे गर्भ घेतले, एक फिक्या रंगाच्या जातीचा, एक गडद. फिक्या गर्भातला एक विशिष्ट तुकडा काढून गडद गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला. रंग वेगळे का, तर नंतर कळावं की कुठली पेशी कोणाची. आणि त्या पोटावर दुसरा अख्खा गर्भ उगवला, स्वतःच्या न्यूरल ट्यूबसकट, पोटाला पोट चिकटलेल्या जुळ्यासारखा. पण खरी मजा ही की त्या दुसऱ्या ट्यूबच्या पेशी बहुतेक गडद होत्या, म्हणजे लावलेल्या तुकड्याने ट्यूब स्वतः बनवली नव्हती, शेजारच्यांकडून बनवून घेतली होती. पेपर १९२४ मध्ये आला. त्याच वर्षी घरातला हीटर पेटून झालेल्या अपघातात हिल्डे भाजून गेली, २५ वर्षांची होती. नोबेल १९३५ साली मिळालं, एकट्या श्पेमानना. मेलेल्यांना नोबेल देत नाहीत हे मला माहीत आहे, तरी दर वर्षी वर्गात सांगताना घशात काहीतरी अडकतं.

तो तुकडा शेजाऱ्यांना नेमकं काय सांगतो हे कळायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. सगळ्यांना वाटत होतं की तो "मेंदू व्हा" असा काहीतरी निरोप पाठवत असणार. निघालं उलटंच. बेडकाच्या गर्भात दिसलं की वरच्या थरातल्या पेशींना सतत एक निरोप मिळत असतो, बीएमपी नावाच्या प्रोटीनचा, "कातडी व्हा, कातडी व्हा". श्पेमानच्या तुकड्यातून नॉगिन, कॉर्डिन अशी प्रोटीन्स बाहेर पडतात आणि ती त्या बीएमपीला वाटेतच पकडून गप्प करतात. जिथे तो निरोप पोचत नाही तिथल्या पेशी न्यूरल होतात. म्हणजे मेंदू हा कातडी व्हायच्या ऑर्डरमधून सुटलेल्या पेशींचा बनलाय. हे वाक्य वर्गात टाकलं की मागच्या बाकावरचे पण मोबाईलमधून मान वर काढतात.

आता पट्टी ठरली. पण ती रुंद आणि आखूड असते, आणि नळी हवी लांब आणि बारीक. इथे दिंडी डोळ्यासमोर आणा. मोठ्या रस्त्यावर आठ-आठ वारकरी एका ओळीत, अशा चाळीस ओळी, आणि पुढे गावातली अरुंद गल्ली लागली. आठाचे चार-चार होतात, बाजूचा माणूस दोघांच्या मधल्या जागेत शिरतो, आणि चाळीस ओळींच्या ऐंशी होतात. माणसं तेवढीच ३२०, कोणी वाढलं नाही, पण दिंडी अर्ध्या रुंदीची आणि दुप्पट लांबीची झाली. न्यूरल प्लेटमध्ये हेच होतं, पेशी डावी-उजवीकडून मध्याकडे सरकत एकमेकींच्या मधे घुसतात आणि पट्टी डोक्यापासून शेपटापर्यंत लांबत जाते. याला कन्व्हर्जंट एक्स्टेन्शन म्हणतात आणि रे केलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बेडकाच्या गर्भावर हे फार बारकाईने पाहिलंय. फरक एवढाच की दिंडीला गल्ली अरुंद करते, इथे गल्ली नाही. पेशी स्वतःच डाव्या आणि उजव्या बाजूला छोटे हातासारखे फाटे काढतात, शेजारणीला पकडतात आणि स्वतःला खेचत मधे घुसवतात. गल्लीच नसताना दिंडी स्वतःहून बारीक होते असं म्हणा.

पण मग पेशीला कसं कळतं की डावी-उजवी बाजू कुठली आणि डोकं-शेपूट कुठलं? तुमच्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची लव बघा. सगळे केस एकाच बाजूला झुकलेत ना, कोणी कंगवा फिरवला नाही तरी. प्राण्यांच्या अंगावरचे केस एका दिशेने झोपवणारी जी यंत्रणा आहे, प्लेनार सेल पोलॅरिटी नावाची, तीच न्यूरल प्लेटमधल्या पेशींना दिशा देते. प्रत्येक पेशीच्या एका कडेला एक प्रोटीन, समोरच्या कडेला दुसरं, आणि शेजारणीच्या कडेला लागून तिचं, असं एकीकडून दुसरीकडे दिशा पोचत जाते. यातल्या एका प्रोटीनचा जीन आहे व्हँगल-टू. उंदरांची एक जात आहे लूपटेल नावाची, जिच्यात हा जीन बिघडलेला असतो. एक कॉपी बिघडली तर शेपूट वेटोळं होतं, म्हणून ते नाव, आणि दोन्ही बिघडल्या तर मेंदूच्या मागच्या भागापासून जवळजवळ पूर्ण पाठ उघडी राहते. कारण साधं आहे, पट्टी रुंदच राहिली, कडा वर उचलल्या गेल्या पण मधलं अंतर इतकं की भेटच होत नाही.

आता वळणं. इथे मी जरा रमणार आहे.

उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातलेले सगळ्यांनी बघितलेत. ताजा लाटलेला पापड सपाट असतो, तासाभराने कडा वर यायला लागतात, लक्ष नाही दिलं तर द्रोणासारखा होतो, म्हणून तर आजी सारखी "पापड उलटा रे" म्हणून ओरडायची. कोणी कडा उचलतं का? नाही. वरच्या बाजूला ऊन लागतं, ती आधी वाळते आणि आकसते, खालची बाजू अजून ओलीच, तेवढीच मोठी. वरचं क्षेत्रफळ कमी आणि खालचं जास्त झालं की चपटी गोष्ट वळण्याशिवाय दुसरं काही करूच शकत नाही. न्यूरल प्लेट अशीच वळते. फक्त ऊन नाही, प्रत्येक पेशी आपली वरची बाजू स्वतः आवळते.

कशी आवळते, तर बटव्याची नाडी ओढल्यासारखी. पट्टीतल्या पेशी उंच आणि सडपातळ असतात आणि प्रत्येकीच्या वरच्या टोकाला आतून गोल पट्टा असतो, ॲक्टिन नावाच्या धाग्यांचा. त्या धाग्यांना मायोसिन ओढतं, आपल्या दंडाच्या स्नायूत जी जोडी काम करते तीच ही. पट्टा आवळला की पेशीचं तोंड बारीक, बूड तसंच, आणि खांबासारखी पेशी पाचरीसारखी होते. शेजारणीही पाचर, तिची शेजारीणही पाचर, आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्यामुळे एकीने तोंड आवळलं की बाकीच्याही खेचल्या जातात. जुन्या वाड्याच्या दरवाजावरची कमान बघा, दगड पाचरीसारखे घडवले की ओळ आपोआप गोल जाते. वॉरन लुईस नावाच्या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये पितळेच्या पट्ट्या आणि रबर बँड लावून याचं मॉडेलच बनवलं होतं, एका बाजूचे रबर जास्त ताणायचे की अख्खी रांग वळते. मी वर्गात आईस्क्रीमच्या काड्यांचं करून बघितलं, रबर बँड सुटून पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला लागलं, तेव्हापासून पापडावरच भागवते.

आता नाडी ओढायची हे कोण सांगतं? १९९९ मध्ये हिल्डब्रँड आणि सोरियानो यांनी उंदरांत एक जीन शोधला. तो बिघडला की डोक्याकडच्या कडा आत झुकायच्या ऐवजी बाहेर उमलायच्या, अळंबीच्या छत्रीसारख्या. म्हणून मशरूमवरून नाव ठेवलं श्रूम. हे प्रोटीन पेशीच्या वरच्या टोकाशी जाऊन बसतं आणि मायोसिनला कामाला लावणाऱ्या एन्झाइमला तिथे बोलावून घेतं, म्हणजे ओढ वरच लागते, खाली नाही. पुढे २००३ मध्ये बेडकाच्या गर्भात एक भारी प्रयोग झाला. ज्या पेशींना वळायचं काही काम नव्हतं, साध्या सरळ पेशी, त्यांच्यात हे श्रूम घातलं, आणि त्यांनीही तोंडं आवळली. एका प्रोटीनने, नळीशी संबंध नसलेल्या ठिकाणी.

अजून एक युक्ती आहे, मुंबईकरांना लगेच कळेल अशी. पेशीचा सगळ्यात जाड भाग म्हणजे तिचं केंद्रक, न्यूक्लियस. पट्टीतल्या पेशी इतक्या खेटून असतात की सगळ्यांची केंद्रकं एकाच उंचीवर मावणारच नाहीत. सकाळच्या लोकलमध्ये सगळ्यांनी सॅक पाठीवरच ठेवली तर चौथी सीट सोडा, उभं राहायला पण जागा होणार नाही, म्हणून कोणी सॅक पोटावर घेतं, कोणी पायाशी ठेवतं, कोणी रॅकवर. केंद्रकं अशीच वर-खाली असतात, आणि एका जागी थांबतही नाहीत, पेशी विभागायची वेळ आली की केंद्रक वर येतं, विभागणी झाली की परत खाली. आता पट्टीच्या बरोबर मध्यरेषेवरच्या पेशींमध्ये ही केंद्रकं खाली जास्त वेळ रेंगाळतात. केंद्रक बुडाशी, म्हणजे बूड फुगीर, तोंड बारीक, परत पाचर! नाडी ओढून नाही, सामान खाली ठेवून. त्या मध्यरेषेच्या बरोबर खाली नोटोकॉर्ड नावाची एक दांडी असते आणि तिच्याकडून येणारे सिग्नल ही मधली घडी पाडतात. म्हणून खाच मधोमध पडते, कुठेही नाही.

मधल्या घडीशिवाय दोन्ही बाजूंना अजून एकेक घडी पडते, कडा आत झुकाव्यात म्हणून. पण सगळीकडे नाही. उंदराच्या पाठीत वरच्या भागात फक्त मधली घडी असते आणि भिंती सरळ उभ्या राहून भेटतात, मधल्या भागात तिन्ही घड्या, आणि अगदी खाली फक्त बाजूच्या दोन. वरच्या भागात नोटोकॉर्डकडून येणारं सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन (हो, व्हिडिओ गेमवाल्या त्या सॉनिकवरूनच नाव ठेवलंय) बाजूच्या घड्या पडूच देत नाही. एकाच नळीला तीन पद्धतीची शिलाई.

आणि हे सगळं पट्टी एकटी करत नाही. गॅरी शोनवुल्फ यांनी १९८० च्या दशकात कोंबडीच्या गर्भात पट्टीच्या बाजूचा, कातडी होणारा थर कापून वेगळा केला. मधली खाच तरीही पडली, पण कडा नीट उठून भेटल्या नाहीत. म्हणजे खाच पट्टीची स्वतःची, पण उचलून आत ढकलायला बाजूची कातडीही लागते, ती पसरते आणि कडांना मध्याकडे रेटते. मला हे आवडतं कारण वर्षानुवर्षं पट्टी वळते की वळवली जाते यावर लोक वाद घालत होते आणि दोघांचंही खरं निघालं.

कोंबडीचा विषय निघालाय तर सांगते, हे बघायला मोठी लॅब लागत नाही. एमएस्सीला असताना आम्ही थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून इन्क्युबेटर केला होता, ३८ डिग्री, आणि गावाकडून कोंबडा-कोंबडी एकत्र असलेल्या घरातली बारा अंडी आणली. दुकानातली चालत नाहीत, ती फळलेली नसतात. २८ तासांनी एकेक अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं, बलक न फुटता. पहिली तीन फुटली. चार फळलेलीच नव्हती. आठव्या अंड्यावर बलकाच्या वर एक फिकट गोल दिसला, त्यावर फिल्टर पेपरची मधे भोक पाडलेली रिंग ठेवली, कडेने कापलं, अलगद उचललं आणि काचेवर घेतलं. मायक्रोस्कोपखाली तो पारदर्शक, चार-पाच मिलिमीटरचा जीव, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बटणांसारखे चौकोनी ठोकळ्यांचे चार जोड, आणि डोक्याकडे दोन कडा, ओठ मिटताना असतात तशा, एका जागी नुकत्याच टेकलेल्या आणि खाली मात्र सताड उघड्या. फोटो काढायला कोणाकडे काही नव्हतं, मी पेन्सिलने काढलं, ती वही अजून आहे. पुण्यात विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर कितीतरी वर्षं काम केलं, आमच्या सरांच्या तोंडी त्यांचं नाव कायम असायचं.

कडा टेकल्या तरी काम संपत नाही. त्या चिकटायला हव्यात आणि योग्य तशा चिकटायला हव्यात. कडेवरच्या पेशी समोरच्या कडेकडे बोटांसारखे बारीक फाटे काढतात, अंतर थोडं उरलं की पलीकडे हात पोचतात. मग चेन लावल्यासारखं पुढे पुढे बंद होत जातं, मानेपासून एक चेन खाली. सायोना नावाचा समुद्रातला एक छोटा प्राणी आहे, आपल्या पाठीच्या कण्यावाल्या कुळाचा जवळचा नातेवाईक, त्याच्यात २०१५ मध्ये दिसलं की चेनच्या लगेच पुढचा जोड जोरात आवळला जातो, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, असं एकेक करून चेन ओढली जाते. आणि चिकटताना गल्लत होत नाही, कारण कातडीच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाचा डिंक वापरतात आणि नळीच्या पेशी तोपर्यंत एन-कॅडहेरिनवर आलेल्या असतात. ई ला ई चिकटतो, एन ला एन. त्यामुळे कातडी कातडीला, नळी नळीला, आणि दोन्ही एकमेकींपासून सुटतात. जोडावरच्या काही पेशी मात्र कुठेच थांबत नाहीत, त्या बाहेर पडून दूरदूर जातात आणि चेहऱ्याची हाडं, अंगाचा रंग देणाऱ्या पेशी, पोटातल्या आतड्याच्या नसा असलं काहीबाही बनवतात, त्यांच्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

एक गंमत यात कोणी सांगत नाही. पट्टीची जी बाजू वर होती, उघड्यावर होती, ती नळी झाल्यावर आत गेली. म्हणजे तुमच्या मेंदूच्या आत ज्या पाणी भरलेल्या पोकळ्या आहेत, एमआरआयमध्ये काळ्या फुलपाखरासारख्या दिसतात त्या, त्यांची आतली भिंत ही एके काळी तुमची बाहेरची बाजू होती. (अगदी शेवटचं टोक, कमरेच्या खालचं, वळून बनत नाही, तिथे पेशींचा भरीव दांडा होतो आणि तो आतून पोकळ होतो.)

आता बिघडतं तेव्हा. डोक्याकडचं तोंड बंद झालं नाही तर मेंदूचा मोठा भाग बनतच नाही, ॲनेनसेफली म्हणतात, ते बाळ जगत नाही. खाली राहिलं तर स्पायना बिफिडा, पाठीवर फट किंवा फुगा, आणि फट किती मोठी, किती वर, त्यावर पाय चालणार का, लघवीवर ताबा राहणार का हे ठरतं. उघड्या राहिलेल्या नसा पुढचे कित्येक महिने गर्भजलात भिजत राहतात आणि नुकसान वाढत जातं. जगभरात ढोबळमानाने हजार गर्भांमागे एकाला असं काही होतं, काही भागांत जास्त. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतं. आणि मग घरात सुरू होतं, ग्रहणात भाजी चिरली असेल, पपई खाल्ली असेल, जिना चढली असेल. पाचव्या महिन्यातला जिना आणि चौथ्या आठवड्यातली चेन यांचा काडीचा संबंध नाही हे त्या घरातल्या मोठ्यांना कोणीतरी ओरडून सांगायला हवं. मी एकदा सांगितलंय, सोसायटीतल्याच एका घरात, तेव्हापासून त्या काकू माझ्याशी बोलत नाहीत.

आणि मग गोळी. तिची गोष्ट मुंबईत सुरू होते हे मला फार उशिरा कळलं. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायच्या. कापड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक भयंकर ॲनिमिया व्हायचा, रक्तातल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि मोजक्या. विल्सना दिसलं की सगळ्यात गरीब, सगळ्यात निकस खाणाऱ्या बायकांना हा जास्त होतो. त्यांनी बरंच काही करून बघितलं आणि शेवटी मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, ब्रेडला लावायची ती काळी खारट पेस्ट, तिने बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय होतं हे माहीत नव्हतं म्हणून लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणायचे. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये चार टन पालक पिळून तोच पदार्थ वेगळा काढला आणि पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

पेशीला विभागायचं तर आधी डीएनएची कॉपी हवी, आणि डीएनएची एक वीट बनवायला फोलेट लागतंच. रक्ताच्या पेशी सतत बनत असतात म्हणून तिथे कमतरता आधी दिसते. न्यूरल प्लेटच्या पेशीही त्या आठवड्याभरात भराभर विभागत असतात, आणि वर सांगितलं तसं प्रत्येक पायरीला वेळ बांधलेली आहे, पट्टी लांबली पाहिजे, कडा उठल्या पाहिजेत, कातडीने रेटलं पाहिजे, सगळं आठ-दहा दिवसांच्या खिडकीत. पेशी मागे पडल्या तर कडा थोड्या उशिराने पोचतील असं होत नाही, खिडकी बंद होते.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा निकाल आला. ज्या बायकांना आधी न्यूरल ट्यूबचा दोष असलेलं बाळ झालं होतं अशा १८१७ बायका, सात देशांतल्या, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड किंवा दुसरं काही. फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत ६ बाळांना दोष आढळला, न घेणाऱ्यांत २१. म्हणजे ७२ टक्के कमी. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. १९९८ पासून अमेरिकेत पिठातच फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे काही पिठांच्या पाकिटावर निळ्या रंगात +एफ असं चिन्ह असतं, त्यात लोह आणि बी-१२ सोबत हेही असतं, पण आपण गिरणीतून दळून आणणारी माणसं, आपल्याला त्याचा काय उपयोग.

७२ टक्के म्हणजे १०० नाही हेही बहिणीला सांगितलं. व्हँगलचा जीन बिघडलेला असेल किंवा आईची शुगर खूप वाढलेली असेल तर फक्त गोळी सगळं निभावून नेईल असं नाही. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर धोका बराच वाढतो, अशा बाईने ते स्वतःहून बंद करायचं नाही पण दिवस राहायच्या आधी डॉक्टरला सांगायचंच. बाकी ज्यांना आधी काही प्रॉब्लेम नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, किमान महिनाभर आधीपासून ते तीन महिने होईपर्यंत, ज्यांना आधी असं बाळ झालंय त्यांना त्याच्या दहापट, तो आकडा डॉक्टरच ठरवणार.

परवा तिचा मेसेज आला, गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो, दोन खाने रिकामे. खाली लिहिलं होतं, "ताई ते पापडाचं परत एकदा व्हॉइस नोट पाठव, ह्यांना सांगताना माझी गडबड झाली, मी पापडाच्या जागी पोळी म्हणाले."